दिवस भरण्यापूर्वीं

महाराष्ट्रांतील कित्येक घरांत वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडीं एक समजूत अजूनहि ऐकूं येते. सातव्या महिन्यांत जन्मलेलें मूल जगतें, पण आठव्यांत जन्मलेलें जगत नाहीं, अशी ती समजूत. घरांतील कोणाला अवेळीं कळा येऊं लागल्या कीं कोणी तरी बोटांवर महिने मोजतें. सातवाच चालू आहे असें दिसलें तर हायसें वाटतें, आणि आठवा लागला असला तर घर हबकून जातें. या समजुतीचा उगम कोठेंहि असो, ती खरी नाहीं. आईच्या पोटांत काढलेला प्रत्येक आठवडा मुलाच्या पदरांत कांहीं ना कांहीं टाकीत असतो, आणि म्हणून आठव्या महिन्यांतलें मूल सातव्यांतल्या मुलापेक्षां सामान्यतः अधिक सुरक्षितच असतें. मात्र समजुतीच्या मुळाशीं असलेला प्रश्न खोटा नव्हे. दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेलें एक मूल जगतें व दुसरें जगत नाहीं, हें कशावर ठरतें? आणि तें ठरण्यापूर्वीं, म्हणजे मूल जन्माला येण्यापूर्वींच, मनुष्याच्या हातून त्याला कांहीं मदत होऊं शकते काय?

वैद्यकांत गर्भाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवड्यांनीं मोजतात. पूर्ण काळ ४० आठवड्यांचा. ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वीं जन्मलेलें मूल अपुऱ्या दिवसांचें समजतात, ३२ च्या आंतील फारच अपुऱ्या दिवसांचें, आणि २८ च्या आंतील तर अगदीं उंबरठ्यावरचें. इ. स. २०२० या एका वर्षांत जगांत सुमारें १ कोटि ३४ लक्ष मुलें ३७ आठवड्यांपूर्वीं जन्मलीं असा हिशेब आहे. त्यांपैकीं सुमारें ३० लक्ष एकट्या भारतांत. दुसऱ्या कोणत्याहि देशाचा आंकडा इतका मोठा नाहीं.

या मुलांवर येणारीं संकटें पुष्कळ आहेत, पण पहिल्या दोन दिवसांतलें मोठें संकट श्वासाचें. गर्भाशयांत असतांना मुलाला श्वास घ्यावा लागत नाहीं. त्याचा प्राणवायु नाळेवाटे आईच्या रक्तांतून येतो, आणि फुप्फुसें द्रवानें भरलेलीं असतात. जन्म होतांच तो द्रव हटून लक्षावधि सूक्ष्म वायुकोशांत हवा शिरावयाची असते. या कोशांच्या आंतील बाजूस ओलाव्याचा पातळ थर असतो, आणि त्या थराचा स्वभाव आपला पृष्ठभाग आंवळून घेण्याचा असतो. पावसाचा थेंब ज्या ताणानें गोल राहतो तोच हा ताण. नुसत्या पाण्याचा बुडबुडा टिकत नाहीं व साबणाच्या पाण्याचा टिकतो, कारण साबणानें हा ताण कमी होतो. पूर्ण दिवसांच्या मुलाच्या फुप्फुसांत निसर्गानें साबणासारखाच एक स्निग्ध पदार्थ निर्माण करून ठेवलेला असतो. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो असला म्हणजे श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून जात नाहींत, आणि पुढचा श्वास सोपा होतो. तो नसला तर कोरा फुगा फुगवितांना पहिल्या फुंकेला जो जोर लागतो, तो मुलाला प्रत्येक श्वासाला लावावा लागतो.

हा पदार्थ साधारण २४ व्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊं लागतो, आणि पुरेसा व्हावयास ३४-३५ आठवडे लागतात. त्यापूर्वीं जन्मलेलें मूल पुष्कळदां जन्मतांच रडतें. घरच्यांना धीर येतो. पण थोड्याच वेळांत त्याच्या नाकपुड्या फुलूं लागतात, फांसळ्यांमधील कातडी आंत ओढली जाते, दर श्वासागणिक कण्हल्यासारखा आवाज येतो. पूर्वीं अशीं कित्येक मुलें दोन तीन दिवस झगडून थकून जात. मृत मुलांच्या फुप्फुसांत कांचेसारखे पापुद्रे आढळत, म्हणून डॉक्टर त्या पापुद्र्यांनाच रोग समजत असत. बोस्टन येथील मेरी एलन ॲव्हरी व जीअर मीड यांनीं इ. स. १९५९ मध्यें दाखवून दिलें कीं, पापुद्रे हें कारण नव्हे. कमतरता आहे ती या स्निग्ध पदार्थाची.

कारण कळलें तरी उपाय हातीं आला नाहीं. इ. स. १९६३ च्या ऑगस्ट महिन्याच्या ७ तारखेस अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना पॅट्रिक नांवाचा मुलगा झाला. तो पूर्ण काळाच्या सुमारें साडेपांच आठवडे आधीं जन्मला होता व त्याचें वजन दोन किलोहून थोडें अधिक होतें. त्याला बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयांत हलवून अधिक दाबाचा प्राणवायु देण्याचाहि प्रयत्न झाला. एका बलाढ्य राष्ट्राचें सारें वैद्यक त्याच्या उशाशीं उभें होतें. ९ तारखेस, सुमारें ३९ तासांचें आयुष्य संपवून तो गेला. आज त्याच वजनाचें व त्याच दिवसांचें मूल जिल्ह्याच्या चांगल्या रुग्णालयांतून सुखरूप घरीं जातें. मधल्या काळांत जें घडलें त्याचा एक मोठा भाग न्यूझीलंडमधील मेंढ्यांच्या गोठ्यांत घडला.

ऑकलंड शहरांत स्त्रियांचें एक राष्ट्रीय रुग्णालय होतें. तेथील प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स यांना एकाच कोड्यानें पछाडलें होतें: प्रसूति केव्हां सुरू व्हावयाची हें ठरवितो कोण, आई कीं पोटांतलें मूल? मेंढीचा गर्भकाळ सुमारें १४७ दिवसांचा असतो. लिगिन्स यांना असें आढळलें कीं, गर्भांतील कोकराच्या मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्यूटरी ग्रंथि नष्ट केली तर मेंढीची वेळ टळून जाते आणि ती प्रसवत नाहीं. उलट, मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून पाझरणाऱ्या कॉर्टिसॉलच्या जातीचें द्रव्य गर्भांतल्या कोकराला दिलें तर प्रसूति वेळेच्या फार आधीं सुरू होते. म्हणजे निदान मेंढीपुरता तरी निर्णय कोकराचा होता.

या प्रयोगांत एके दिवशीं सकाळीं एक अनपेक्षित गोष्ट दिसली. ११७ व्या दिवसाच्या सुमारास जन्मलेलें एक कोकरूं मेंढीशेजारीं पडलें होतें आणि श्वास घेत होतें. इतक्या अपुऱ्या दिवसांचें कोकरूं श्वास घेऊंच शकत नाहीं. तें मेलेलें सांपडावयास हवें होतें. तें फार वेळ जगलें नाहीं, पण त्याचीं फुप्फुसें तपासलीं तेव्हां त्यांत हवा शिरलेली आढळली. लिगिन्स शोधीत होते प्रसूतीचें कारण. हातीं लागलें तें निराळेंच. प्रसूति लवकर आणणाऱ्या त्याच द्रव्यानें फुप्फुसेंहि लवकर पिकविलीं होतीं. इ. स. १९६९ मध्यें हें निरीक्षण प्रसिद्ध झालें.

मेंढीवरून मनुष्यावर उडी मारणें धोक्याचें होतें. लिगिन्स यांनीं बालरोगतज्ज्ञ रॉस हाऊई यांना बरोबर घेतलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांनीं रीतसर चांचणी सुरू केली. २४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान ज्यांची प्रसूति होण्याचा संभव होता अशा स्त्रियांपैकीं कांहींना बीटामेथासोन हें औषध टोंचून दिलें, व कांहींना दिसावयास तसेंच पण अगदीं अल्पशक्तीचें दुसरें औषध दिलें. कोणाला काय मिळालें हें आईला ठाऊक नव्हतें व डॉक्टरांनाहि नव्हतें. औषध मुलाला द्यावयाचें नव्हतेंच. तें आईला द्यावयाचें, आणि वारेंतून तें मुलापर्यंत पोंचावयाचें.

पहिल्या २८२ मातांचा निकाल इ. स. १९७२ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्यांची प्रसूति आपण होऊन अवेळीं आली त्या मातांच्या मुलांपैकीं, औषध न मिळालेल्या गटांत पहिल्या आठवड्यांतच शेंकडा १५ मुलें दगावलीं होतीं. औषध मिळालेल्या गटांत हें प्रमाण शेंकडा ३.२ होतें. श्वासकष्टाचा विकार एका गटांत शेंकडा २५.८ मुलांना झाला, दुसऱ्यांत शेंकडा ९ मुलांना. सर्वांत अधिक लाभ ३२ आठवड्यांच्या आंत जन्मलेल्या, व औषधानंतर निदान एक दिवस पोटांत राहिलेल्या मुलांचा झाला. दोन टोंचण्या, तीहि स्वस्त औषधाच्या, आणि एवढा फरक.

एवढें सिद्ध झाल्यावर पुढच्याच वर्षीं हें औषध सर्वत्र वापरांत आलें असेल, असें कोणालाहि वाटेल. तसें झालें नाहीं. वीस वर्षें लोटलीं तरी अमेरिकेंत फारच लहान वजनाच्या मुलांना जन्म देणाऱ्या मातांपैकीं एक पंचमांश स्त्रियांनासुद्धां तें मिळत नव्हतें. याला दुष्टावा कारण नव्हता. भीति कारण होती, आणि ती भीति अगदींच निराधार नव्हती. गर्भवतीस दिलेल्या थॅलिडोमाइड या औषधानें हजारों मुलें हातापायांनीं अधू जन्मलीं व इ. स. १९६१ मध्यें तें बाजारांतून काढून घ्यावें लागलें, ही जखम ताजी होती. आईला जंतुसंसर्ग झाला तर तो दबून राहील काय, मुलाच्या मेंदूची वाढ खुंटेल काय, असे प्रश्न डॉक्टरांना पडत. शिवाय ऑकलंडनंतर ज्या चांचण्या झाल्या त्यांतील पुष्कळ लहान होत्या. कोणी लाभ दिसतो म्हणे, कोणी निश्चित सांगतां येत नाहीं म्हणे. एकेक चांचणी सुटी वाचणाऱ्याला संशयच अधिक येई.

मग या सुट्या चांचण्या एकत्र मांडण्याचें काम झालें. पॅट्रिशिया क्राऊली या डॉक्टर बाईंनीं सर्व चांचण्यांचे आंकडे शोधून एका ठिकाणीं आणले, आणि इ. स. १९९० च्या सुमारास असें स्पष्ट झालें कीं, या औषधानें अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे मृत्यु तीस ते पन्नास टक्क्यांनीं कमी होतात. वैद्यकांतील चांचण्यांचे असेच पद्धतशीर संकलन करण्यासाठीं इ. स. १९९३ मध्यें कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिच्या बोधचिन्हांत एका उभ्या रेघेभोंवतीं कांहीं आडव्या रेघा काढलेल्या आहेत. एकेक आडवी रेघ म्हणजे या औषधाची एकेक चांचणी. पुष्कळशा रेघा उभ्या रेघेला स्पर्श करतात, म्हणजे त्या चांचण्या एकेकट्या संशयित राहतात. परंतु तळाशीं असलेलें सर्वांच्या बेरजेचें चिन्ह रेघेपासून स्पष्ट अलग, लाभाच्या बाजूस पडलेलें आहे. उपाय ठाऊक असतांना केवळ बेरीज केली गेली नाहीं म्हणून जीं मुलें गेलीं, त्यांचें तें स्मारकच म्हणावयाचें. इ. स. १९९४ मध्यें अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थांनीं बोलाविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनें या औषधाचा पुरस्कार केला, आणि मग तें झपाट्यानें पसरलें.

मोठेपणीं या मुलांचें काय झालें, हा प्रश्न आईबापांच्या मनांत प्रथम येतो. ऑकलंडच्या मूळ चांचणींतील ५३४ मुलें तीस वर्षांचीं झाल्यावर त्यांची तपासणी झाली व इ. स. २००५ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तदाब, शरीराची ठेवण, रक्तांतील स्निग्धांश यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाहीं. साखर पचविणाऱ्या इन्सुलिनला शरीर देत असलेल्या प्रतिसादांत थोडा फरक दिसला. रोग म्हणावा इतका तो नव्हता. एका वेळच्या औषधोपचारानें मुलाचें आयुष्य बिघडतें, ही भीति या तपासणींत खरी ठरली नाहीं. मात्र तेंच औषध पुनःपुन्हां देत राहिल्यास मुलाचें वजन व डोक्याचा घेर कमी भरतो असें पुढील चांचण्यांत दिसून आलें. म्हणून गरजेवांचून पुनरावृत्ति करीत नाहींत.

येथवरची हकीकत ऐकून कोणाचाहि असा ग्रह होईल कीं, इतकें गुणकारी औषध गांवोगांवीं, अवेळीं कळा आलेल्या प्रत्येक स्त्रीला विनाविलंब द्यावें. अनेक तज्ज्ञांनाहि तसेंच वाटलें. भारत सरकारनें इ. स. २०१४ मध्यें याच जातीचें डेक्सामेथासोन हें औषध रुग्णालयाकडे पाठविण्यापूर्वीं परिचारिकांनींहि द्यावें अशी सूचना काढली. त्या सुमारास सहा देशांत एक मोठी चांचणी चालली होती: अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि भारत. भारतांतील तिचीं क्षेत्रें नागपूर व बेळगांव या भागांत होतीं. कांहीं गांवांच्या गटांत आरोग्यसेवकांना अवेळच्या प्रसूतीचीं लक्षणें ओळखण्यास व औषध देण्यास शिकविलें. कांहीं गटांत नेहमींचीच व्यवस्था ठेविली. सुमारें एक लाख जन्मांचा हिशेब झाला.

इ. स. २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेला निकाल सर्वांना चकित करणारा होता. जीं मुलें फार लहान जन्मलीं त्यांच्या मृत्यूंत म्हणण्यासारखी घट झाली नाहीं. आणि सर्व मुलें धरलीं तर, जेथें औषधाचा प्रसार केला त्या गांवांत पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यु दर हजारीं २७.४ भरले, जेथें केला नाहीं तेथें २३.९. ज्या औषधानें ऑकलंडमध्यें मुलें वांचलीं, त्याच औषधाच्या प्रसाराबरोबर येथें मृत्यु वाढले होते. मातांमध्यें जंतुसंसर्गाचा संशयहि अधिक आढळला.

असें कां व्हावें याचा निश्चित निर्णय झालेला नाहीं, पण दोन गोष्टी उघड दिसतात. गर्भाचे दिवस नक्की ठाऊक नसल्यामुळें औषध मिळालेल्या बहुसंख्य स्त्रियांचीं मुलें अखेर फार लहान जन्मलींच नाहींत. ज्यांना त्या औषधाचा उपयोग नव्हता त्यांनाच तें पोंचलें. दुसरी गोष्ट अशी कीं, जीं खरोखर अपुऱ्या दिवसांचीं होतीं त्यांपैकीं पुष्कळांना जन्मल्यावर ऊब, प्राणवायु, स्वच्छ दूध व जाणती शुश्रूषा हीं मिळण्याची सोय नव्हती. पिकलेलें फुप्फुस हा जगण्याचा एक भाग आहे. उरलेला भाग इस्पितळानें पुरवावयाचा असतो.

मग जागतिक आरोग्य संघटनेनें पुन्हां चांचणी घेतली. या वेळीं गांवांत नव्हे. भारत, पाकिस्तान, बांगला देश, केनिया व नायजेरिया या देशांतील २९ रुग्णालयांत. प्रत्येक स्त्रीचे दिवस सोनोग्राफीच्या आधारें निश्चित केले. २६ पासून ३४ आठवड्यांच्या आंतील २,८५२ स्त्रिया तींत होत्या. इ. स. २०२० मध्यें निकाल हातीं आला. औषध न मिळालेल्या गटांत शेंकडा २३.५ नवजात मुलें दगावलीं, औषध मिळालेल्यांत शेंकडा १९.६. मातांचा जंतुसंसर्ग वाढला नाहीं. सुमारें पंचवीस स्त्रियांना औषध दिलें कीं एक मूल अधिक वांचतें, असा त्याचा अर्थ. औषध तेंच, देशहि गरीबच; बदलली होती ती जागा, आणि बदलली होती ती दिवसांची मोजणी.

म्हणून आज जागतिक आरोग्य संघटना हें औषध २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान देण्याची शिफारस करते ती अटींसह: गर्भाचे दिवस विश्वासानें ठाऊक असावे, सात दिवसांच्या आंत प्रसूति होण्याचा बळकट संभव असावा, आईला जंतुसंसर्गाचीं लक्षणें नसावीं, आणि बाळंतपणाची व अपुऱ्या दिवसांच्या मुलाची नीट काळजी घेण्याची सोय तेथें असावी.

या अटींकडे पाहिलें तर असें दिसतें कीं, त्यांतील कांहीं पुऱ्या करणें डॉक्टरांपेक्षां घराच्याच हातीं अधिक आहे. पाळीची तारीख लिहून ठेवणें, पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घेणें आणि तो कागद जपून ठेवणें, एवढ्यानें पुढें एका मुलाचे प्राण वांचूं शकतात. महाराष्ट्रांत पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची चाल आहे. बहुधा सातव्या महिन्यांत ओटी भरून मुलीला पाठवितात. मुलीबरोबर साडी, नारळ, लाडवांचे डबे जातात; कागद मात्र सासरच्या कपाटांत राहून जातात. नव्या गांवच्या डॉक्टराला अंदाजानें महिने सांगितले जातात, आणि सातवा कीं आठवा हा जुना घोळ पुन्हां सुरू होतो. ओटीच्या सामानाबरोबर त्या कागदांचीहि आठवण झाली पाहिजे. आणि अपुऱ्या दिवसांचीं मुलें सांभाळणारें रुग्णालय माहेरच्या गांवापासून किती अंतरावर आहे, याची चौकशी तिच्या जाण्यापूर्वींच झाली पाहिजे.

ओटीपोटांत ठराविक अंतरानें कळा येणें, पाठ भरून येणें, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणें, हीं लक्षणें दिवस भरण्यापूर्वीं दिसलीं तर रात्र सरण्याची वाट पाहूं नये. औषधाला आपला गुण पुरा दाखविण्यास साधारण एक दिवस लागतो, आणि आठवड्यानंतर तो ओसरूं लागतो. लवकर पोंचलेल्या स्त्रीला तो एक दिवस मिळतो. उशिरां पोंचलेलीला मिळत नाहीं. शिवाय जन्मलेल्या मुलाला गाडींतून हलविण्यापेक्षां पोटांतल्या मुलाला आईबरोबर हलविणें केव्हांहि अधिक सुरक्षित. त्याचप्रमाणें, शेजारणीला दिलें म्हणून आपल्या मुलीलाहि तें इंजेक्शन द्या, असा आग्रह धरणेंहि योग्य नव्हे. कोणाला द्यावें, केव्हां द्यावें व कोणाला देऊं नये, हें ठरविण्यास पन्नास वर्षें व लक्षावधि मुलांचा अनुभव खर्ची पडला आहे.

ऑकलंडच्या गोठ्यांत सकाळच्या वेळीं श्वास घेत पडलेल्या त्या कोकराचें आयुष्य कांहीं तासांचें ठरलें. त्याच्याकडे पाहून एका माणसानें असा विचार केला कीं, हें जिवंत असावयास नको होतें, मग कां आहे? तेथून पुढें आजवर, नाकपुड्या फुलवून झगडणाऱ्या असंख्य मुलांचा श्वास सुलभ झाला आहे. सातवा जगतो व आठवा जगत नाहीं, हें बोटांवर मोजणाऱ्या वडील बायकांची मोजण्याची संवय चांगलीच आहे. फक्त ती मोजणी महिन्यांऐवजीं आठवड्यांनीं, आणि कळा सुरू झाल्यावर नव्हे तर दिवस गेल्याचें कळतांच सुरू झाली पाहिजे.